चलान कोर्टात गेलं का नाही कसं पायचं?

भाऊ, तुमी विचारलं की गावाकडं बिना हेल्मेटचं चलान आलं, आता कोर्टात गेलं का ते कुठं दिसते आन् वकील करा लागते का. वकील लगेच नाही लागत बाप्पा.

आधी महाट्रॅफिकच्या (महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ऑनलाइन चलान) साइटवर नाहीतर ॲपवर गाडीचा नंबर आन् चेसिस नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका (आरसी बुकावर असते ते), की चलान उघडते, फोटोही दिसते. फोटो नीट झूम करून पाहा, कारण कधी कधी ७ चा १ वाचला जाते आन् दुसऱ्याच्याच स्प्लेंडरचं चलान आपल्या माथी येते, तसं असंल तर पैसे भरू नका, तिथंच तक्रार टाका.

तिथं चलान नाही दिसलं तर कोर्टात गेलं का ते पाहाले व्हर्च्युअल कोर्टाच्या (चलानाच्या केसा ऑनलाइन चालवणारं कोर्ट) साइटवर महाराष्ट्र निवडून गाडी नंबरनं शोधा. केस असंल तर दंड भरा नाहीतर मान्य नाही म्हणा, मान्य नाही म्हटलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जाते, मंग तारखेवर जा लागते. ती तारीख ई-कोर्ट्सवर (कोर्टांची सरकारी साइट) सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर नंबरनं (केसचा ओळख नंबर) सापडते.

लय जुने चलान साचले असंल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं लोक अदालतची (तडजोडीनं केस मिटवतात ते) तारीख विचारा. तिथं कोर्ट फी नाही, पण तडजोड झाली की मंग अपील नाही.

आन् व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (मोबाइलमधी ॲप टाकणारी) आली तर हातच लावू नका, खातं साफ होते.