पीसीआर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे राणीखेतच का?

प्रश्न: कोंबड्यांना राणीखेत या व्हायरसच्या रोगावरची लासोटा लस दिली, नंतर थोड्या शिंकायला लागल्या म्हणून स्वॅब पीसीआरला (व्हायरसचे जीन शोधणारी टेस्ट) पाठवले तर राणीखेत पॉझिटिव्ह! लस वाया गेली का?

उत्तर: घाबरू नका, आधी लॅबला विचारा की टेस्ट नेमकी कुठल्या जीनची केलीय. लासोटा ही जिवंत लस आहे, तिचा व्हायरस काही दिवस पक्ष्याच्या श्वासनलिकेत वाढतो आणि साधी पीसीआर त्यालाही पॉझिटिव्हच दाखवते, तिला लसीचा कोण आणि बाहेरून आलेला कोण हे कळत नाही. ते कळतं व्हायरसच्या एफ जीनच्या क्लीव्हेज साइटचं (त्या जीनपासून बनणारं प्रोटीन जिथे कापलं जातं ती जागा) सिक्वेन्सिंग केल्यावर, म्हणजे तिथला जनुकीय क्रम वाचल्यावर. व्हायरसच्या घातक प्रकारांमध्ये (स्ट्रेन) तिथे बेसिक, म्हणजे अल्कधर्मी, अमिनो आम्लांची रांग असते, लासोटात ती नसते, बस्स, मुख्य फरक एवढाच. रिपोर्टवरचा सीटी आकडाही (पीसीआरच्या किती फेऱ्यांनंतर व्हायरस दिसला तो) बघा, तो जितका कमी तितका सॅम्पलमध्ये व्हायरस जास्त, पण नुसत्या त्यावरून लस की रोग हे ठरवू नका, बरेच जण ठरवतात.

आणि सॅम्पल! राणीखेतचा व्हायरस आरएनएवाला, आरएनए लवकर खराब होतं, म्हणून उन्हात गाडीत पडून राहिलेला कोरडा स्वॅब निगेटिव्ह आला तर त्याला काही अर्थ नाही. नुकत्याच आजारी पडलेल्या पक्ष्यांचे घशाचे आणि क्लोएकाचे (विष्ठा बाहेर येते त्या जागेचे) स्वॅब घ्या, ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (व्हायरस टिकवणाऱ्या द्रवात) टाका, बर्फात पाठवा. एलायझा (रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी टेस्ट) इथे कामाची नाही, लसीमुळे अँटीबॉडी असणारच.

मरतूक एकदम वाढली, माना वाकड्या व्हायला लागल्या तर मात्र रिपोर्टची वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा, बर्ड फ्लूचीही टेस्ट करून घ्या.