आधी शेल मोजा, मग क्रँक घ्या

पावसाळा सरला की कोपऱ्यात टेकून ठेवलेल्या सायकली बाहेर निघतात आणि माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. यंदा निम्म्याहून जास्त प्रश्न बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत बीबीचे आहेत: पेडलचे हात (क्रँक) ज्या बेअरिंगवर फिरतात तो भाग. बहुतेकांची कथा सारखीच: क्रँक ऑनलाइन स्वस्तात मिळाला, घरी आला, बसला नाही. मग माझी आठवण झाली.

दुकानदार म्हणतो, गियरवाल्या सायकलींचा बीबी सगळा एकच असतो. खरं का? (विद्यार्थी, सुदामानगर)

खोटं. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. फ्रेमच्या तळाशी आडवी नळी असते तो शेल, आणि क्रँकचे दोन्ही हात ज्या दांड्यावर बसतात तो एक्सल. बीबीला या दोघांशीही जमवून घ्यायचं असतं. शेलला आतून आटे असतील आणि रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असेल, तर बहुधा तो इंग्लिश, म्हणजे बीएसए: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. (बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका करणाऱ्या कंपनीचे आटे आपण अजून वापरतो आहोत.) रुंदी ७० भरली तर इटालियन असण्याची शक्यता धरा. शेल आतून गुळगुळीत असेल तर प्रेसफिट (आट्यांशिवाय, दाबून बसवायचा बीबी) किंवा त्याचं एखादं भावंड. बीबी८६चा आतला व्यास ४१, बीबी३०चा ४२, पीएफ३०चा ४६. एका मिलिमीटरचा फरक शिंप्याच्या टेपवर दिसत नाही, व्हर्निअर लागतो, आणि आतून मोजायचं तर जुना बीबी काढावा लागतो. ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

बीबीचा उजवीकडचा कप (शेलात पिळून बसवलेला, बेअरिंग धरणारा भाग) हलत नाही. तिघांनी जोर लावून पाहिला. पाइप लावून लांब पाना करू का? (लोकमान्यनगर)

उजवीकडचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवा. शेल इटालियन असेल तर मात्र दोन्हीकडे सरळ आटे. म्हणून पाइप लावण्याआधी रुंदी मोजा.

डावा क्रँक दर आठवड्याला सैल होतो. मी घट्ट करतो, चार दिवस बरा चालतो. बोल्टला चिकटवायचं काही लावू का? (बँक कर्मचारी, पलासिया)

बोल्टचा दोष नाही. चौकोनी एक्सल पोलादाचा आणि तुमचा क्रँक अॅल्युमिनियमचा. सैल क्रँकवर सायकल चालवली की पोलाद अॅल्युमिनियमच्या चौकोनाचे कोपरे खाऊन टाकतं, आणि एकदा भोक गोल झालं की ते कितीही आवळा, पुन्हा धरत नाही. 'रविवारी बघू' म्हणत काढलेले तीन रविवार तुम्हाला एका हाताच्या किमतीला पडले. आता चालवणं थांबवा, भर रहदारीत पेडलसकट क्रँक हातात येईल. नवा डावा हात घेताना जुन्याची लांबी आणि चौकोनाचं माप दोन्ही जुळवा. जपानी आणि युरोपीय चौकोनाचा उतार सारखाच, पण टोकाची जाडी वेगळी. चुकीचा हात एक तर आत जाऊन टेकतो, नाहीतर फार बाहेर राहतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळून घ्या, साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर. तो पाना दुकानात नसेल तर दुकान बदला.

माझ्या फ्रेमचा शेल बीएसए ६८. तीस मिलिमीटर एक्सलचा कार्बन क्रँक अर्ध्या किमतीत मिळतोय. विक्रेता म्हणतो सोबत 'युनिव्हर्सल' अॅडॉप्टर देतो. घेऊ का? (विजयनगर)

हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. युनिव्हर्सल बीबी नावाची वस्तू नाही. ज्याला तुमच्या फ्रेमचं माप माहीत नाही, त्याने ते न विचारताच पैसे घ्यायचे म्हणून पाकिटावर छापलेला तो शब्द आहे.

विचार करा. बीएसए शेलमधून तीस मिलिमीटरचा दांडा गेला की भोवती बेअरिंग बसवायला जागाच उरत नाही. म्हणून बेअरिंग शेलच्या बाहेर, कपात न्यावी लागतात. बाहेर नेली की दांडा तेवढा लांब हवा. मूळ बीबी३०साठी घडवलेल्या क्रँकचा एक्सल आखूड असतो, कारण तिथे बेअरिंग शेलच्या आत बसतात. तो तुमच्या फ्रेमवर पुरणारच नाही, कितीही अॅडॉप्टर लावा. ३८६ इव्हो जातीचा क्रँकही तीस मिलिमीटरचाच, पण एक्सल लांब. तो योग्य बीबीसह बीएसएत बसतो. आकडा दोघांचा तोच, निकाल उलट. जाहिरातीत फक्त '३० मिमी' लिहिलेलं असतं, लांबी कोणी लिहीत नाही.

चोवीस मिलिमीटरवाल्यांनीही निश्चिंत राहू नये. शिमानो कंपनीचा हॉलोटेक एक्सल दोन्हीकडे २४. स्रॅम कंपनीचा जीएक्सपी एक्सल उजवीकडे २४, डावीकडे २२. शिमानोच्या बीबीत जीएक्सपी घातला की डावी बाजू खुळखुळते, आणि उलट केलं तर एक्सल पलीकडे निघतच नाही. दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर आलेत, दोन्ही वेळा 'चोवीस म्हणजे चोवीस' असं कुणीतरी ग्रुपवर सांगितलेलं. २०१८ साली स्रॅमने डब नावाचा नवा प्रकार आणला, त्याचा एक्सल २८.९९. त्याला तीसच समजून बीबी मागवणारे आहेतच.

अॅडॉप्टर मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. मोठ्या भोकात लहान एक्सल बसवायला रिड्यूसर मिळतात आणि नीट बसवले तर चालतात. लहान भोकात मोठा एक्सल मात्र कुठल्याच जादूने जात नाही.

हे सगळं जमलं तरी चेनलाइन, म्हणजे पुढच्या-मागच्या दातेरी चाकांची सरळ रेषा, उरतेच. डोंगरी (माउंटन बाइकचा) क्रँक रोडच्या फ्रेमवर चढवला की चेन तिरकी पळते, चेन सरकवणारा पुढचा डिरेलर पोचत नाही, कधी चेनरिंग मागच्या नळीला घासते. रोडचा हॉलोटेक ७३च्या शेलात पुरत नाही. उलट डोंगरी हॉलोटेक क्रँक ६८वर बसतो, पण अडीच मिलिमीटरचे स्पेसर (मध्ये घालायच्या चकत्या) योग्य बाजूला, योग्य संख्येने लागतात. पैसे देण्याआधी फ्रेम आणि क्रँकचा मॉडेल नंबर घेऊन माणसासमोर उभे राहा. फोटो पाठवून मला विचारू नका. फोटोत मिलिमीटर दिसत नाहीत.

ऑक्टालिंकचे (शिमानोचा आठ खाचांचा एक्सल) व्ही१ आणि व्ही२ एकमेकांत चालतात का? (देवास)

नाही.

भेरूघाट चढताना कार्बन फ्रेममधून कुरकुर येते. मित्र म्हणतो बीबी काढून गोंद भरून बसव. (महू)

मित्राला फ्रेम विकत घेऊन द्या आणि तिच्यात गोंद भरायला सांगा. कुरकुर बीबीचीच आहे हे ठरवलं कोणी? उभं राहून पेडल मारा. आवाज थांबला तर आधी सीटपोस्ट पाहा. मग पेडल बदलून, चेनरिंगचे बोल्ट आणि मागचा एक्सल आवळून पाहा. एवढ्यानेही थांबली नाही तर बीबी, आणि तिथून पुढे हातोडी उचलू नका. प्रेसफिट कप ठोकून काढताना शेल बिघडला की फ्रेम गेली. कप ढकलून काढायचा योग्य ड्रिफ्ट आणि बसवायचा प्रेस ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा, आणि फ्रेम वॉरंटीत असेल तर त्याहीआधी विक्रेत्याला लेखी कळवा.

आजोबांची कॉटरवाली (क्रँक पाचरीने बसवलेली) रॅले सायकल आहे. सुट्या छर्ऱ्यांऐवजी बंद कार्ट्रिज बसेल का? (रामबाग)

आधी आटे मोजून घ्या. जुन्या रॅलेच्या शेलात इंचाला २६ आटे असत, २४चं कार्ट्रिज त्यात जोराने घातलंत तर शेलचे आटे जातील. शिवाय कार्ट्रिज घातलं की कॉटरचा क्रँकही जाणार, हे तुमच्या लक्षात आहे ना? कप आणि एक्सलवर खड्डे नसतील तर नवे पाव इंची छर्रे आणि ताजं ग्रीस पुरे.

१७० की १७५ लांबीचा क्रँक? बीबी बदलावा लागेल का? (उज्जैन)

बीबीचा संबंध नाही. लांबी पायावरून ठरते, गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारा.

मोटरसायकलवाल्याकडे जेट वॉश केला तर चालेल? काळी माती निघत नाही. (राऊ)

बीबीवर धार मारायची नाही. सील पार करून पाणी ग्रीसमध्ये जातं. बादली, ब्रश आणि फडकं वापरा, आणि धुऊनही क्रँक खरखरत फिरत असेल तर उघडून दाखवून घ्या.