लॉगमधलं ‘कारण’ अर्धवट का येतं?

प्रश्न : ताई, मी पेमेंटच्या सपोर्टला रात्रपाळी करतो. स्प्लंकमधून (लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, शोधायचं सॉफ्टवेअर) नापास व्यवहारांचा रिपोर्ट काढला की ‘कारण’खाली नुसतं ‘खाते’ येतं. मूळ ओळ अशी (फील्डची, म्हणजे माहितीच्या रकान्यांची, नावं इथे मराठीत केली आहेत) :

खातेदार=सुनीता पाटील, स्थिती: नापास कारण=खाते गोठवले वेळ = 03-05 10:42:15

— एक वाचक, नाशिक

उत्तर : म्हणजे ‘खाते गोठवले’, ‘खाते बंद’, ‘खाते सापडले नाही’ ही सगळी कारणं तुमच्या रिपोर्टात एकाच ढिगात पडतायत. आमच्याकडे दुकानांच्या नावांचं हेच व्हायचं. श्री गणेश किराणा असो की श्री समर्थ मेडिकल, रिपोर्टात सगळे ‘श्री’!

स्प्लंक आपणहून फील्ड काढतं तेव्हा बरोबरचं चिन्ह (=) शोधतं. किंमत, म्हणजे त्या चिन्हापुढचा मजकूर, अवतरणात नसेल, तर पहिल्या स्पेसला ती संपली असं धरतं. तुमची ‘स्थिती’ कोलनवाली, ती हाती लागेलच असं नाही.

यावर बरेच जण आधी खातेदार, मग स्थिती, मग कारण अशी लांबलचक रेजेक्स (मजकुरातला नमुना ओळखणारं सूत्र) लिहितात. डेव्हलपरने क्रम बदलला की ती जुळत नाही, आणि एररही येत नाही. रकाना गुपचूप रिकामा राहतो. मला तो प्रकार अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा पुढचं नाव सुरू होतं तिथे आधीची किंमत संपली, एवढंच सांगा :

([^ =:,;0-9][^ =:,;]*) *[=:] *(.*?)(?=[,; ]+[^ =:,;0-9][^ =:,;]* *[=:]|$)

नावाच्या पहिल्या अक्षरात आकडे वगळलेत ते मुद्दाम. नाहीतर 10:42 मधला 10 हेच एक फील्ड होऊन बसतं. हे स्प्लंकच्या ‘रेक्स’ कमांडमध्ये घालू नका, तिथे कंसातल्या प्रत्येक गटाला आधीच नाव द्यावं लागतं. ट्रान्सफॉर्म्सच्या (फील्ड काढायच्या नियमांच्या) फाइलमध्ये ठेवा, फॉरमॅट $1::$2 (पहिला गट नाव, दुसरा किंमत) द्या आणि सर्चमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट’ कमांडला त्या ट्रान्सफॉर्मचं नाव सांगा. त्याआधी ‘नापास’ शब्दावर ओळी गाळून घ्या, लाखो ओळींवर ही रेजेक्स रेंगाळते.

एक खोड मात्र उरते. ‘कारण=’ पुढे स्पेस आणि लगेच ‘वेळ = …’ आलं, तर ती वेळच कारणात जाऊन बसते. म्हणून कारणात बरोबरचं चिन्ह आलेल्या ओळी वेगळ्या काढून बघा. आणि डेव्हलपरकडे किमती अवतरणात टाकायची मागणी लेखी करा. तोंडी सांगितलंत तर ‘पुढच्या रिलीजला बघू’ हे ठरलेलं.