वासोटा किल्ल्याच्या जंगलात प्राणी खरंच दिसतात का? वर मुक्काम करता येतो का?

मुक्काम नाही. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. संध्याकाळच्या आत लाँचने कोयनेचा जलाशय ओलांडून बामणोलीला परतायचं. तंबू ठोकायचाच असेल तर अलीकडच्या काठाला, तापोळा-बामणोलीकडे.

प्राण्यांचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो. आठ वर्षं झाली, माझे साडू प्रत्येक लग्नात, बारशात ऐकवतात, "ह्यांनी दिवसभर चालवलं आणि साधं माकड दाखवलं नाही."

जानेवारी होता, आम्ही सात जण. पायथ्याला मेट इंदवलीच्या वनखात्याच्या चौकीवर प्रत्येकाच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे मोजून अनामत घेतात. साडूंची कुरकुर तिथूनच सुरू झाली. ओढ्याजवळच्या मारुती-गणपतीला नमस्कार करून चढाला लागलो, तर ह्यांच्या सॅकला स्पीकर लटकवलेला. भर दुपारी ऊन अंगावर येत नाही असलं दाट रान, आणि त्यात ती गाणी! दोनदा सांगून पाहिलं. मग मी मुलीला घेऊन मागेच थांबलो.

गाणी वळणापलीकडे विरली. आम्ही नुसते बसून होतो. जरा वेळाने वाळक्या पानांवर टपटप काहीतरी पडायला लागलं. जानेवारीत पाऊस कुठला? उचलून पाहिलं तर कुरतडलेल्या फळाच्या साली, अजून ओल्या, कडेला दातांच्या खुणा. मान वर केली तर शेकरू, ती मोठी खार! मागच्या पायांनी फांदी धरलेली, पुढच्या दोन्हींत फळ आणि ती लांबलचक शेपूट सरळ खाली लोंबलेली. मुलीने माझं मनगट दुखेपर्यंत आवळलं होतं.

वर बाबूकड्यापाशी साडूंना सांगितलं. म्हणाले, "फोटो दाखवा." फोटो काढायचं सुचलंच नव्हतं. तेव्हापासून मी खोटा.

ह्या रानात गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे. दिसतीलच असं नाही, पण ओढ्याच्या चिखलात गव्याचा खूर उमटलेला पाहिला तरी माझी फेरी वसूल होते. चौघांपेक्षा जास्त जाऊ नका, सकाळची पहिली लाँच गाठा, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं गप्प बसा. गाण्यांशिवाय ज्यांना चालवत नाही त्यांनी तापोळ्याला बोटिंग करावं. अभयारण्य त्यांच्यासाठी नाही, आणि हे मी साडूंना तोंडावर सांगितलंय.

एक मात्र आहे. लहान मुलीला घेऊन गटापासून मागे राहिलो ही माझी चूकच होती, अस्वलाच्या रानात असं करू नये. आणि पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा त्या दिवसांत निघू नका.