लिंगनिरपेक्ष: नामापेक्षा क्रियापद सांभाळा

'जेंडर न्यूट्रॅलिटी'ला लिंगनिरपेक्षता म्हणायचं की लिंगसमानता, आणि मराठीत ती पाळायची कशी, असा प्रश्न आहे.

शब्द लिंगनिरपेक्षता हाच. निरपेक्ष म्हणजे अवलंबून नसलेलं. एखादा नियम किंवा पदनाम कुणाला लागू होतं हे बाई-पुरुष पाहून ठरत नसेल, तर ते लिंगनिरपेक्ष. समानता वेगळी. नोकरीसाठी सर्वांना एकच किमान उंची ठेवली, तर नियम लिंगनिरपेक्षच आहे, पण त्यातून गळणाऱ्यांत बायका जास्त असतील. समाजशास्त्रात जेंडरसाठी 'लिंगभाव' रूढ आहे, म्हणून तिथे 'लिंगभाव-निरपेक्ष' लिहितात, तेही योग्य. 'नपुंसकलिंगी' मात्र व्याकरणापुरतंच ठेवावं, माणसांना लावू नये.

आता वापर. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लंडमधल्या क्लबने २०२१ मध्ये त्या नियमांतला 'बॅट्समन' काढून 'बॅटर' आणला. मराठीतला 'फलंदाज' आधीपासून दोघांनाही चालतो. पण पुढे बाद झाला की झाली? इंग्रजीत नाम बदललं की बरंचसं भागतं. आपल्याकडे लिंग क्रियापदात जाऊन बसतं. 'शिक्षिका', 'अध्यक्षा' टाळल्या तरी ते तिथे उरतंच. मराठीत लिंगनिरपेक्ष लिहायचं तर खरं लक्ष क्रियापदावर हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी नवे प्रत्यय शोधायची गरज नाही. भविष्यकाळ घ्या: 'तो येईल, ती येईल.' विध्यर्थ घ्या: 'अर्जदाराने सही करावी.' सकर्मक भूतकाळही कामाचा, कारण 'मी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राचं लिंग घेतं, लिहिणाऱ्याचं घेत नाही. 'मी गेलो', 'मी गेले' यातून मात्र सुटका नाही. तिथे वाक्यच बदलावं लागतं.

माझं सर्वांत लाडकं उदाहरण 'दोघं'. दोन पुरुष असतील तर दोघे आले, दोन बायका असतील तर दोघी आल्या, आणि एक बाई, एक पुरुष असेल तर दोघं आली. मिश्र जोडीसाठी बोली मराठीने नपुंसकलिंगी अनेकवचन कधीचंच कामाला लावलं आहे. लेखनात त्याचं सरसकट 'दोघे आले' होतं, तेव्हा एक नेमकी छटा जाते. मला ते खरंच खटकतं.

अर्जांवर 'मी जाहीर करतो/करते की' असं छापून नको ते खोडायला सांगतात. तिथे 'मी जाहीर करत आहे की' एवढं छापलं तर कुणालाच काही खोडावं लागणार नाही.