एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवंय, ड्युअल बूट करू की व्हर्च्युअल मशीन?

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे विंडोजच्या आतच एका प्रोग्रॅममध्ये चालणारा आभासी कॉम्प्युटर. तुमची रॅम १६ जीबी आहे, रोजचं काम विंडोजवर आहे आणि लिनक्स फक्त शिकायचंय, मग ड्युअल बूटसाठी डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडून दरवेळी सुरू करताना एक ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) निवडायच्या भानगडीत पडूच नका. पण तुम्ही पुढे लिहिलंय की कोणीतरी सांगितलं "व्हीएम म्हणजे खेळणं आहे", ते वाचून राहवलं नाही, कारण हेच वाक्य आमच्या ऑफिसातल्या एका सीनियरने मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं.

झालं असं की आमच्याकडे एक मोजमापाचं यंत्र होतं, त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालायचं, आणि ज्या पीसीवर ते होतं तो मरायला टेकला होता. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, इन्स्टॉलरची सीडी गायब. सीनियरचं म्हणणं, यंत्रच नवीन घ्या, व्हीएममध्ये असलं काही चालत नाही. मी म्हटलं बघू तरी. त्या डिस्कची अख्खी इमेज काढली, व्हर्च्युअलबॉक्सला (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) दिली, बूट केलं तर निळी स्क्रीन, 0x0000007B. म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच दिसत नाहीये. एक्सपीत साटा एएचसीआय या डिस्क जोडायच्या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर मुळात नसतोच, म्हणून सेटिंगमध्ये डिस्क साटावरून काढून जुन्या पद्धतीच्या आयडीई कंट्रोलरला लावली, आणि उठलं की! मग सीरियल पोर्टचं, म्हणजे यंत्राची केबल लावायच्या जुन्या सॉकेटचं त्रांगडं. सॉफ्टवेअरला कॉम १ नावाच्या सीरियल पोर्टशिवाय दुसरं काही कळत नाही आणि नव्या पीसीला सीरियल पोर्टच नाही. यूएसबी-टू-सीरियल केबल लावली, ती विंडोजमध्ये कॉम ३ म्हणून दिसली, व्हीएमच्या सेटिंगमध्ये तोच कॉम ३ आतल्या एक्सपीला कॉम १ म्हणून जोडला. यंत्राचे आकडे स्क्रीनवर यायला लागले तेव्हा सगळी टीम मागे उभी होती. एक्सपीला २०१४ पासून नियमित अपडेट नाहीत म्हणून त्या व्हीएमचं नेटवर्क कार्डच काढून टाकलं, आणि ती आजही रोज चालते.

खेळणं म्हणे! आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरसाठी व्हीएम/३७० आणलं तेव्हापासून ही गोष्ट गंभीर कामाला वापरतायत, आज क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेता तोसुद्धा बहुतेक वेळा व्हीएमच असतो. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच व्हीएमची सोय दिली, त्यामुळे साध्या कामात फरक जाणवतही नाही. उलट ड्युअल बूटमध्ये काय मिळतं तर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) अचानक रिकव्हरी की मागतो, दरवेळी ओएस बदलली की घड्याळ पुढेमागे होतं कारण विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि एक कमांड चुकली तर घरचं सगळं काम अडकलं. व्हीएममध्ये आधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे परत येता येईल अशी त्या क्षणाची नोंद, आणि मग बिनधास्त मोडतोड करा, शिकणं त्यातच आहे.

हां, सांगायचं राहिलं, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाची सेटिंग) प्रोसेसरची ती व्हीएमची सोय, म्हणजे इंटेलवर व्हीटी-एक्स किंवा एएमडीवर एसव्हीएम, चालू आहे का ते आधी बघा, बंद असेल तर ६४-बिटचं लिनक्स चालणार नाही. लिनक्सला ४ जीबी रॅम द्या, पुरते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो मूळ डिस्कच्या फाइलवरच टेकलेला असतो, ती गेली की तोही गेला. आणि जड गेम किंवा ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने लागणारं काम असेल, तर तिथे मात्र ड्युअल बूटच करा, तेवढं त्या सीनियरचं मला मान्य आहे.