१.०३६ वर अडकलेली स्टाऊट बाटलीत भरू नका

फोंड्याहून विचारलंय की इम्पीरियल स्टाऊट (कडक काळी बियर) १.०९२ ग्रॅव्हिटीला, म्हणजे पाणी १.००० धरून मोजलेल्या घनतेला, सुरू केली, १.०३६ ला येऊन थांबली, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी झडप) गप्प आहे, तर आता साखर घालून बाटल्या भरू आणि नाताळपर्यंत पलंगाखाली ठेवू का? नको. हात जोडून सांगतो, नको.

एवढ्या दाट वर्टला (माल्टच्या गोड पाण्याला) धड यीस्ट १.०२३ ते १.०२५ पर्यंत नेतं. म्हणजे दहा-बारा पॉइंट (पॉइंट म्हणजे ०.००१) अजून शिल्लक असू शकतात. एक पॉइंट उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम (बियरच्या निम्म्या आकारमानाएवढा) गॅस, म्हणजे प्रायमिंगची (बाटलीत फेस यावा म्हणून घालायची) साखर न घालताच पाच-सहा व्हॉल्यूम. भंगारवाल्याकडच्या साडेसहाशे मिलीच्या बाटल्यांचा तीनच्या वर भरवसा नाही, फुटतील. त्यात नमुना तीस डिग्रीला मोजला असेल, तर वीस डिग्रीचा हायड्रोमीटर दोन-तीन पॉइंट कमीच दाखवतो. (फेणीच्या भट्टीवर ग्राव (दारूची तीव्रता) मोजतात ते यंत्र इथे चालत नाही. साखर उरलेल्या बियरमध्ये ते काहीही सांगतं.)

तुम्ही ओघात लिहिलंय की लिक्विड यीस्ट मे महिन्यात कुरिअरने आलं. गोम तिथेच असणार. माझंही पाकीट असंच आलं होतं. ठळक अक्षरांत ‘थंड जागी ठेवा’ लिहिलेलं, आणि ते पडून होतं पत्र्याच्या गोदामात. मोबाइलवर मेसेज, ‘घर बंद होते’. मी घरातच, दार उघडं! फोन केला तर कोणी उचलेना. तिथे गेलो तर दुपारची वेळ, शटर अर्धं खाली, आतला माणूस जेवणानंतर आडवा झालेला. ‘फाल्यां येयात’, म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी पार्सल सापडेना, तिसऱ्या दिवशी सही करणारे साहेब नाहीत. शेवटी हातात आलं तेव्हा आतली बर्फाची पिशवी चहासारखी गरम. तक्रार केली तर लेखी उत्तर आलं की पाकीट फुटलेलं नाही, सबब नुकसान झालेलं नाही! जिवंत माल आतल्या आत मरतो हे त्या टेबलावर कोणाच्या गावीही नव्हतं. त्या यीस्टचा स्टार्टर (थोड्या वर्टमध्ये आधी वाढवलेलं यीस्ट) केला, तो कुंथत कुंथत उठला आणि बियर तुमच्यासारखीच अर्ध्यावर बसली. महागाचा माल्ट, वर महिनाभर फर्मेंटर अडलेला. पैसे? अजून बघतोय वाट.

असो. आधी खात्री करा. पेलाभर बियर काढा, त्यात ताजं यीस्ट सढळ हाताने घाला, उबेत ठेवून दोन-तीन दिवस अधूनमधून हलवा. आकडा उतरला तर साखर शिल्लक आहे. नाही उतरला तर मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) फार गरम झाला असेल किंवा क्रिस्टल माल्ट (न आंबणारी गोडी ठेवणारा) जास्त पडला असेल. मग १.०३६ हाच शेवट, गोड मानून घ्या.

उतरला तर कोरडं यीस्ट वरून भुरभुरू नका, सात टक्के अल्कोहोलमध्ये ते उठणार नाही. वेगळा स्टार्टर करा, फेस जोरात आला की तसाच ओता आणि फर्मेंटर चोवीस डिग्रीच्या आसपास ठेवा. हवा मात्र आता अजिबात मिसळू नका.

पुढच्या वेळी, हे माझं मत, उन्हाळ्यात लिक्विड यीस्टच्या नादी लागू नये. वीस लिटरच्या अशा बियरला कोरड्या यीस्टची किमान दोन पाकिटं. फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर नसेल तर व्हॉस क्वाइक हे नॉर्वेचं यीस्ट घ्या, त्याला पस्तीस डिग्रीही सोसते. बाकी बहुतेक एल (स्टाऊटसारख्या बियरचं) यीस्ट तीस डिग्रीला नुसतं डोकं दुखवणारं काहीतरी करून ठेवतं. काळा माडाचा गूळ घालायची हौस मलाही आहे, पण उकळताना घाला. प्रायमिंगला नको, त्यातल्या ओलाव्याचा हिशेब लागत नाही.

मुरवण्याबद्दल लोक युरोपातल्या तळघरांचे दाखले देतात. तिथे बारा डिग्री, आपल्याकडे तीस. इथे बियर कितीतरी भराभर म्हातारी होते, वर्षभरात सोया सॉससारखी लागायला लागते. जुन्या चिऱ्याच्या घरात मागची अंधारी खोली असेल तर नशीबवान आहात. नसेल तर फ्रिजचा खालचा कप्पा, तोही नसेल तर सहा महिन्यांत पिऊन टाका.

बाटल्या भरताना लिटरला चार-पाच ग्रॅम साखर पुरे. बियर बरेच महिने फर्मेंटरात राहिली असेल तर बाटलीसाठीचं थोडं ताजं यीस्टही घाला. पावसाळ्यात बुचं गंजतात, तेव्हा झाकणावर वितळलेलं मेण लावा आणि तारीख कागदावर न लिहिता काचेवर मार्करने लिहा, कागदाला बुरशी धरते.

परवान्याचं मला विचारू नका. गोव्याचा अबकारी कायदा १९६४ चा आहे, घरगुतीचं काय ते तुमच्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात विचारा. आणि विकायचा विचार असेल तर डोक्यातून काढूनच टाका.